मिठादरचा दवाखाना आणि बिल्किसबाईंचे पाळणे



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत वर्गणीवरून दोन तट पडले. गावासाठी रुग्णवाहिका घ्यायची म्हणून घरटी पैसे काढावेत, असं काही जणींचं म्हणणं. बाकीच्या म्हणाल्या, गाडी देणं सरकारचं काम. आपण वर्गणी काढली की सरकार अंग काढून घेतं. दोन्ही बाजू आम्हाला खऱ्या वाटल्या. हा वाद आपल्याकडचाच आहे असंही नाही. शेजारच्या पाकिस्तानात तो सत्तर वर्षं चालू आहे, आणि तिथे तो नुसता बोलून नाही, तर करून बघितला गेला आहे. म्हणून आजच्या भागात कराचीची गोष्ट सांगतो.

कराची आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे सोलापूर-साताऱ्याचा आणि कराचीचा कारभार एकाच सरकारकडे होता. १९४१ च्या जनगणनेत या शहरात चार लाखांच्या आसपास माणसं होती. फाळणी झाली, एकीकडून माणसं गेली, दुसरीकडून त्याहून जास्त आली, आणि १९५१ च्या मोजणीत आकडा दहा लाखांच्या वर गेला. दहा वर्षांत अडीच पट! घरं तेवढीच, नळ तेवढेच, दवाखाने तेवढेच. फुटपाथवर, तंबूत, पत्र्याखाली संसार मांडले गेले. अशा ठिकाणी आजार काय करतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या गर्दीत काठेवाडातल्या बांटवा नावाच्या गावाहून आलेलं एक मेमन कुटुंब होतं. मेमन म्हणजे गुजराती बोलणारा व्यापारी मुसलमान समाज. त्या घरातला मुलगा अब्दुल सत्तार एधी, जन्म १९२८ चा. लहानपणी आई त्याला शाळेत जाताना दोन पैसे द्यायची: एक त्याचा, एक ज्याला गरज असेल त्याला द्यायचा. संध्याकाळी विचारायची, दुसरा पैसा कोणाला दिलास? पुढे तीच आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. तिला न्हाऊमाखू घालणं, कपडे बदलणं, भरवणं त्यानं वर्षानुवर्षं केलं. आपल्या घरात हे काम सुनेच्या नाहीतर मुलीच्या वाट्याला येतं. एका मुलग्यानं ते केलं आणि त्यातून तो जे शिकला, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं, असं आमचं मत आहे.

कराचीच्या जुन्या वस्तीत मिठादर नावाचा भाग आहे. तिथे एधींनी आधी समाजाच्याच धर्मादाय दवाखान्यात काम केलं. पण तिथे औषध फक्त मेमनांना मिळायचं. हे त्यांना पटेना. तसं त्यांनी बोलून दाखवलं, वाद झाला, आणि १९५१ मध्ये त्यांनी त्याच भागात एक छोटी जागा घेऊन स्वतःचा दवाखाना काढला. रात्री दारासमोरच्या सिमेंटच्या बाकावर झोपायचे, कारण रात्री-बेरात्री कोणी आलं तर शोधत फिरायला नको.

मग १९५७ साल आलं. त्या वर्षी जगभर तापाची मोठी साथ पसरली. तिला एशियन फ्लू म्हणतात. कराचीत घराघरात माणसं पडली. एधींनी शहराच्या कडेला तंबू ठोकले, वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं मदतीला घेतली, औषध फुकट ठेवलं. बाहेर एक पेटी ठेवली. ज्याला जे जमेल ते त्यानं टाकावं. साथ ओसरल्यावर एका व्यापाऱ्यानं वीस हजार रुपये दिले. त्या काळात ही मोठी रक्कम. एधींनी त्यातून इमारत बांधली नाही. एक जुनी मोटारगाडी घेतली आणि तिच्यावर रंगवलं, ‘गरिबांची गाडी’. ती ते स्वतः चालवायचे. रुग्ण असेल तर रुग्ण, बाळंतीण असेल तर बाळंतीण, आणि बेवारस प्रेत असेल तर तेही. समुद्रात बुडालेली, विहिरीत सापडलेली, कोणी हात लावायला तयार नाही अशी प्रेतं त्यांनी आपल्या हातांनी धुतली आणि दफन केली. त्या एका गाडीतून पुढे देशभर पसरलेलं रुग्णवाहिकांचं जाळं उभं राहिलं. लोकवर्गणीवर चालणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णवाहिका सेवांमध्ये त्याची गणना होते. ११५ नंबर फिरवला की गाडी येते.

एधींचं नाव जगभर झालं. त्यांच्या पत्नीचं त्या मानानं कमी झालं, म्हणून तिच्याबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार आहोत.

बिल्किस यांचा जन्म १९४७ चा, त्याही बांटव्याच्याच. वडील लवकर गेले, आई शिक्षिका. शाळेत मन रमेना, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या बिल्किस मिठादरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आल्या. तिथे सुईणपण शिकल्या. मालक म्हणजे एधी त्यांच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे, लांब दाढीचे, दोन जोडी कपड्यांवर राहणारे. आधी काही जणींनी त्यांना लग्नाला नकार दिला होता. बिल्किस हो म्हणाल्या. १९६६ मध्ये लग्न झालं. लग्नाच्याच रात्री दवाखान्यात डोक्याला मार लागलेली एक लहान मुलगी आली, आणि नवरा-नवरी तिला घेऊन मोठ्या इस्पितळात धावले. ही गोष्ट बिल्किसबाई पुढे हसत सांगायच्या. तरी त्या वयात, त्या रात्री, तिला काय वाटलं असेल, हे प्रत्येकीनं आपापल्या मनाशी ताडून बघावं.

प्रसूतिगृह आणि सुईणींचं प्रशिक्षण हा भाग त्यांनी सांभाळला. पण त्यांचं खरं काम पाळण्यांचं. कराचीत तेव्हा कचऱ्याच्या ढिगात नवजात बाळं सापडायची. कधी जिवंत, बहुतेक वेळा मेलेली. लग्नाआधी झालेली, नाहीतर नको असताना आलेली मुलगी. एधींच्या केंद्रांबाहेर लोखंडी पाळणे ठेवले गेले आणि वर पाटी लावली, की बाळाला मारू नका, इथे ठेवा. ठेवणाऱ्या बाईला कोणी नाव विचारणार नाही, कोणी मागे जाणार नाही. काही मौलवींना ते रुचलं नाही. यानं पापाला वाट मिळते, असं ते म्हणाले. बिल्किसबाईंचं उत्तर साधं होतं: पाप कोणाचंही असो, बाळाचं नाही.

पाळण्यात येणाऱ्या बाळांत मुली फार जास्त असायच्या. इथे क्षणभर थांबा आणि आपल्याकडे बघा. आपल्याकडे पाळण्यापर्यंत येण्याआधीच सोनोग्राफीच्या खोलीत मुली गेल्या. त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

या मुलांना घर देणंही सोपं नव्हतं. इस्लामी कायद्यात आपल्यासारखं दत्तकविधान नाही. मूल सांभाळता येतं, पण त्याच्या जन्मदात्या बापाचं नाव बदलून आपलं लावता येत नाही. मग ज्याचा बाप माहीतच नाही त्याच्या ओळखपत्रावर काय लिहायचं? हजारो मुलांच्या कागदावर पालक म्हणून एधींचं नाव लागलं. मूलबाळ नसलेल्या जोडप्यांची चौकशी बिल्किसबाई स्वतः करायच्या. घर कसं आहे, बाईला खरंच मूल हवं आहे की सासरच्या धाकानं आली आहे, मुलगी चालेल का. अशा रीतीनं हजारो बाळांना त्यांनी आईबाप मिळवून दिले.

आता पैशाचं बघू, कारण गटातल्या बायका हिशेबाच्या पक्क्या असतात. एवढं सगळं चाललं कशावर?

मुसलमान धर्मात जकात हे कर्तव्य आहे. ज्याच्याकडे ठरावीक रकमेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहते, त्यानं शंभराला अडीच या हिशेबानं ती गरिबांसाठी काढायची. सोन्याची मर्यादा साडेसात तोळे. त्यामुळे अंगावर दागिने असलेल्या बाईलाही हा हिशेब करावा लागतो. पिकावरच्या देण्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेलं पीक असेल तर दहावा भाग, विहिरीचं किंवा विकतचं पाणी देऊन काढलेलं असेल तर विसावा. म्हणजे कष्ट आणि खर्च जास्त तिथे देणं निम्मं. ज्यानं हे ठरवलं त्याला शेती कळत होती! याशिवाय रमजान संपताना घरातल्या माणशी एका मापाचं धान्य किंवा त्याची किंमत द्यायची असते, तो फित्रा. संकट टळावं म्हणून मनानं द्यायचं ते सदका. बकरी ईदला कुर्बानी दिलेल्या जनावरांची कातडी लोक संस्थांना देतात, त्या विकून मोठी रक्कम उभी राहते. कराचीत तर या कातड्यांवरून राजकीय पक्षांच्या माणसांनी मारामाऱ्या केल्या, कार्यकर्त्यांच्या गाड्या अडवल्या. दान जिथे जमतं तिथे हात मारणारेही जमतात.

हे दान आपण गोळा करावं, असं सरकारच्याही मनात आलं. जनरल झिया-उल-हक यांनी १९८० मध्ये कायदा केला, की रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतल्या बचत खात्यातून अडीच टक्के जकात आपोआप कापली जाईल. झालं काय? शिया पंथाच्या लोकांनी इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं, कारण त्यांच्या शास्त्राप्रमाणे हा अधिकार सरकारचा नाही. त्यांना सूट द्यावी लागली. बाकीचे रमजानच्या आदल्या दिवसांत बँकेसमोर रांगा लावून पैसे काढू लागले. तीच माणसं दुसऱ्या दिवशी एधींच्या माणसाच्या हातात नोटा ठेवत होती. याचा अर्थ आम्ही असा लावतो, की लोक द्यायला तयार होते, पण कोणाच्या हातात जातंय हे त्यांना बघायचं होतं. झियांनी पाठवलेला धनादेशही एधींनी परत केला. पैसा लोकांचा हवा, सरकारचा नको, हा त्यांचा हट्ट होता. पैसे कमी पडले की ते स्वतः रस्त्याच्या कडेला झोळी पसरून बसायचे, आणि रस्ता थांबायचा.

तो हट्ट सगळ्यांचा नव्हता. कराचीतच दुसरी वाट दाखवणारी दोन माणसं होती.

एक बाई. रूथ फाउ, जर्मनीतल्या, डॉक्टर आणि ख्रिस्ती साध्वी. १९६० मध्ये त्या भारतात यायला निघाल्या होत्या. व्हिसाच्या अडचणीमुळे कराचीत थांबल्या. तिथे मॅक्लिओड रोडच्या मागची महारोग्यांची वस्ती त्यांनी पाहिली. बधिर झालेल्या हातापायांना उंदीर कुरतडायचे आणि माणसाला कळायचंही नाही. तरणाताठा माणूस चिखलातून चार पायांवर सरपटत आला, जणू हेच त्याचं चालणं. त्या पुढे गेल्याच नाहीत. मधे आपल्याकडच्या वेल्लोरला येऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकून गेल्या आणि मग सत्तावन्न वर्षं तिथेच राहिल्या. पैसा बराचसा जर्मनीतल्या सामान्य देणगीदारांकडून यायचा. पण रूथबाईंनी सरकारला सोडलं नाही. १९६८ मध्ये सरकारनं देशभरचा कुष्ठरोग कार्यक्रम हाती घेतला, आणि डोंगरांतल्या खेड्यांपर्यंत प्रशिक्षित माणसं पोहोचली. १९९६ मध्ये पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. २०१७ मध्ये त्या वारल्या तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

दुसरे डॉक्टर अदीब रिझवी. जन्मानं उत्तर प्रदेशचे. सत्तरच्या दशकात कराचीच्या सरकारी सिव्हिल इस्पितळात आठ खाटांचा एक वॉर्ड त्यांच्याकडे आला, मूत्रपिंडाच्या रुग्णांचा. डायलिसिस किती महाग असतं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. रिझवींनी ठरवलं की पैसे घ्यायचे नाहीत, कोणाकडूनच नाहीत. थोडा वाटा सरकारचा, बाकीचा लोकांचा. १९८५ मध्ये तिथे मूत्रपिंडाचं पहिलं रोपण झालं. आज ती मोठी संस्था आहे आणि उपचार अजून फुकट आहेत. पंजाबातल्या खेड्यांमध्ये कर्जात बुडालेली वेठबिगार माणसं मूत्रपिंड विकत होती, परदेशातून गिऱ्हाइकं यायची. रिझवी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिले आणि २००७ मध्ये त्या व्यापारावर बंदी आली. एधींचीही मूत्रपिंडं शेवटी निकामी झाली. परदेशात उपचार करून देऊ, असं राजकारण्यांनी सांगितलं. ते गेले नाहीत. इथेच सामान्यांच्या रांगेत बसून डायलिसिस घेतलं आणि ८ जुलै २०१६ ला गेले. डोळे दान करून गेले.

आता दुसऱ्या तटाकडे येऊ, कारण त्यांचंही म्हणणं वजनदार आहे. एवढं दान असूनही काय झालं नाही?

जून २०१५ मध्ये कराचीत उष्णतेची लाट आली. रमजानचे दिवस, वीज गेलेली, पाणी नाही. हजाराहून जास्त माणसं मेली. एधींच्या शवागारात जागा उरली नाही. गाड्या प्रेतं आणत राहिल्या. गाडी माणसाला दवाखान्यात नेऊ शकते, पण नळाला पाणी आणू शकत नाही.

२०१९ मध्ये सिंधमधल्या रतोदेरो गावात शेकडो लहान मुलांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. आईबाप निरोगी, मुलं बाधित. कारण एकच सुई अनेकांना टोचली गेली होती. पाकिस्तानात सर्दीतापालाही सुई मागायची सवय आहे, आणि कावीळ ‘क’ तिथे त्याच वाटेनं पसरली. आपल्याकडेही “डॉक्टर, सुई द्याच” म्हणणाऱ्या कमी नाहीत. नवीन सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढली का, एवढं तरी बघत जा. हे काम कुठल्याही दानपेटीनं होत नाही. त्याला तपासणी लागते, कायदा लागतो, भोंदू डॉक्टरला टाळं लावणारा अधिकारी लागतो.

पोलिओचं तसंच. जगात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत मूळचा पोलिओ अजून उरला आहे. १९९४ मध्ये बेनझीर भुट्टो यांच्या सरकारनं खेड्यापाड्यांत ‘लेडी हेल्थ वर्कर’ नेमल्या, आपल्या आशाताईंसारख्या. त्यांची संख्या पुढे लाखाच्या घरात गेली. डोस पाजण्यात त्या पुढे होत्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या हेरखात्यानं ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी लसीकरणाचं खोटं सोंग केल्याचं उघड झालं, आणि आधीच असलेला संशय भडकला. डिसेंबर २०१२ मध्ये कराचीत आणि पेशावरात डोस पाजायला निघालेल्या बायकांना गोळ्या घातल्या. काही दिवसांनी उरलेल्या बायका पुन्हा पिशव्या घेऊन निघाल्या. याच बायकांना पगारासाठी रस्त्यावर बसावं लागलं, लाठ्या खाव्या लागल्या, न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे त्यांना नोकरीत कायम केलं. त्यांच्या कामाला कोणी सेवा म्हणालं, कोणी पुण्य म्हणालं. त्यांना पगार हवा होता, आणि तो मागण्यात त्या बरोबर होत्या.

शेवटी एक प्रसंग, जो थेट आपल्या दाराशी येतो. लाहोर स्टेशनात समझौता एक्सप्रेसमध्ये सात-आठ वर्षांची एक मुलगी एकटी सापडली. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. एधींच्या माणसांकडे ती आली. आधी तिला फातिमा म्हणू लागले. मग ती हात जोडते, देवाला नमस्कार करते हे दिसल्यावर बिल्किसबाईंनी तिचं नाव गीता ठेवलं, केंद्रातच तिला देव्हारा मांडून दिला, देवांच्या तसबिरी आणून दिल्या. मुसलमान घरात हे चालतं का, असं विचारणाऱ्यांना त्यांनी दाद दिली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये बिल्किसबाई स्वतः तिला घेऊन दिल्लीत आल्या. भारत सरकारनं एधींच्या संस्थेला एक कोटी रुपये जाहीर केले. एधींनी आभार मानून ते घेतले नाहीत.

गीताच्या आईवडिलांचा शोध सुरू राहिला. किती तरी कुटुंबं येऊन गेली, ओळख पटेना. ती हातांच्या खुणांनी सांगायची: स्टेशन, नदी, देऊळ, शेतातलं घर. मार्च २०२१ मध्ये कराचीहून बिल्किसबाईंनी सांगितलं, की गीताची आई सापडली आहे, आपल्या मराठवाड्यात. वडील तोवर वारले होते. पुढच्या वर्षी १५ एप्रिलला बिल्किसबाई गेल्या.